दुहेरी मत, लिंक आणि विकतचा पहिला नंबर

24 सप्टेंबर जवळ आला की आमच्या येरवड्यात दोन गोष्टी घडतात. कारागृहाच्या दगडी भिंतीजवळून जाताना जुनी माणसे थांबतात आणि सोबतच्या पोरांना सांगतात, "इथं बाबासाहेबांना सही करावी लागली." आणि दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या मोबाईलवर पुणे कराराचे फोटो, बॅनर आणि चार ओळींचे संदेश यांचा पाऊस पडतो. 25 तारखेला तो पाऊस ओसरतो आणि 26 तारखेला कोरडे ठणठणीत. वर्षभराने पुन्हा तेच फोटो, तेच बॅनर, फक्त खालच्या कार्यकर्त्यांची नावे बदललेली.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत कॉलेजची एक मुलगी पुणे करारावर प्रकल्प लिहायला बसली होती. तिने मोबाईलवर शोधले. वर आली ती स्पर्धा परीक्षेच्या क्लासवाल्यांची पाने. सगळ्यांचा मजकूर जवळपास एकच, एकमेकांचा उतरवलेला: गांधीजींनी उपोषण केले, आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडली, राखीव जागा वाढल्या, तोडगा निघाला. तिने ते वहीत उतरवून घेतले. आम्ही विचारले, "आणि दुहेरी मताचं काय?" ती म्हणाली, "दुहेरी मत म्हणजे काय, दादा?"

येरवड्याच्या पोरीने, कारागृहापासून हाकेच्या अंतरावर बसून हा प्रश्न विचारावा, याची आम्हाला लाज वाटली. तिची नव्हे, आमची लाज.

तिला जे सांगितले ते इथेही सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. 16 ऑगस्ट 1932 रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मतदाराला दोन मते होती. एक मत आपल्या स्वतंत्र मतदारसंघात, आपला प्रतिनिधी आपणच निवडण्यासाठी. दुसरे मत सर्वसाधारण मतदारसंघात, म्हणजे सवर्ण उमेदवारालाही आपल्या दारात मत मागायला यावे लागेल. पहिल्या मताने आपला आवाज आपल्या हातात राहत होता, दुसऱ्या मताने इतरांवर आपला वचक राहत होता. 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा कारागृहात प्राणांतिक उपोषण सुरू केले आणि 24 सप्टेंबरला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि त्याबरोबर दुहेरी मत गेले. आपला माणूस कोण, याचा शेवटचा निर्णय संयुक्त मतदारसंघातल्या बहुसंख्याकांच्या हाती गेला. बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर ज्या गोष्टीवर बोट ठेवले ती ही. आणि मोबाईलवर वर येणाऱ्या त्या पानांतून नेमकी हीच गोष्ट गळालेली होती.

मग आम्ही काय केले?

अभ्यासिकेत बैठक झाली. तरुण पोरांचे म्हणणे सरळ होते: आपली वेबसाईट काढू आणि शोधात पहिला नंबर लावू. कसा लावायचा? पैसे देऊन. आमच्यातल्याच एकाच्या ओळखीचा एक डिजिटल मार्केटिंगवाला होता. त्याने दोन माल दाखवले. पहिला, शोधयंत्रावर जाहिरात. दुसरा, 'बॅकलिंक' म्हणजे दुसऱ्या वेबसाईटवरून आपल्या पानाकडे येणाऱ्या शेकडो लिंका, ठोक भावात. जयंतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे आम्ही त्यात घातले.

जाहिरात सुरू होती तोवर माणसे पानावर येत होती. ज्या दिवशी पैसे संपले त्या दिवशी येणारी माणसेही संपली. आणि त्या शेकडो लिंका? त्या उघडून पाहिल्या तेव्हा डोक्याला हात लावला. परदेशी जुगाराच्या साईट, औषधे विकणारी पाने, कुणीही न वाचणारे बनावट ब्लॉग. अशा गटारातून बाबासाहेबांच्या नावाकडे बाण दाखवलेले होते. आमचे पान शोधात वर आले नाही ते नाहीच.

दोष त्या माणसाला देऊन मोकळे होता येईल. पण आम्हाला वाटते, चूक आमच्या समजुतीत होती. शोधयंत्र कसे चालते हे आम्ही समजूनच घेतले नव्हते. ज्या चळवळीने मताधिकाराचा अर्थ लोकांना समजावून सांगितला, त्या चळवळीच्या पोरांना हे तर चटकन समजायला हवे. कारण शोधयंत्राच्या मुळाशी मतदानच आहे.

लिंक म्हणजे मत

लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली गुगल कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना अशी: एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली, की ते त्या पानाला दिलेले एक मत समजायचे. ज्याला जास्त मते, ते पान महत्त्वाचे. या पद्धतीला त्यांनी 'पेजरँक' म्हटले. आज क्रम लावताना इतरही शेकडो गोष्टी पाहतात: पानावरचा मजकूर, शोधणाऱ्याने वापरलेले शब्द, त्याची भाषा, पान मोबाईलवर नीट उघडते का, मजकूर किती विश्वासार्ह आहे. पण लिंकेचे वजन अजून संपलेले नाही.

आता यातली मेख पाहा. ही मते सारख्या किमतीची नाहीत. ज्या पानाला स्वतःला खूप मते आहेत, त्याने दिलेले मत जड. ज्याला कुणी विचारत नाही, त्याचे मत हलके. मोठ्या दैनिकाने, विद्यापीठाने दिलेली एक लिंक वस्तीतल्या पोराच्या ब्लॉगने दिलेल्या लिंकेपेक्षा कितीतरी भारी. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आणखी येते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणात एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू, आणि ही विसंगती फार काळ चालवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. शोधयंत्राच्या दुनियेत तर राजकीय समतेचा देखावाही नाही. तिथे एक पान, एक मत आहे. एक मूल्य मात्र नाही.

म्हणून काही मित्र म्हणतात, "यंत्रच त्यांचे, नियम त्यांचे, आपण त्या खेळात उतरायचेच कशाला?" हा आक्षेप पोकळ नाही. 2018 च्या फेब्रुवारीत भारतीय स्पर्धा आयोगाने शोधातल्या पक्षपातासाठी गुगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड केला होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने, गुगलने शोधाच्या बाजारातली आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली, असा निकाल दिला. साफिया नोबल या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 2018 साली एक आख्खे पुस्तक लिहून दाखवले, की काळ्या मुलींविषयी शोधले तर शोधयंत्र काय घाण समोर टाकत होते. यंत्र निष्पक्ष असते हा भ्रम आम्हालाही नाही. ज्या समाजाने ते बनवले, त्या समाजाचे पूर्वग्रह त्यात उतरतात. त्याविरुद्ध कायद्याची आणि राजकारणाची लढाई लढलीच पाहिजे.

पण पाणवठा त्यांच्या ताब्यात होता म्हणून बाबासाहेब महाडला गेले नाहीत असे झाले का? ते गेले, आणि हक्काने पाणी प्यायले. आज ज्ञानाचा पाणवठा मोबाईलमधल्या त्या शोधाच्या पट्टीत आहे. आपली मुले तिथेच तहान भागवणार आहेत. हल्ली तर निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले तयार उत्तर येते, आणि तेही जालावर जे लिहिलेले सापडते त्यातूनच बनते. आपण तिथे नसलो, तर आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले तेच उत्तर ठरते.

बाबासाहेबांनीही जाहिरात द्यायची म्हटले होते

जाहिरातीविषयी बोलताना आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवली पाहिजे. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पुण्याच्या 'केसरी'ने छापली नाही. फुकट नव्हे, पैसे घेऊनही छापायला नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. बाबासाहेबांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मधून ही गोष्ट स्वतः नोंदवून ठेवली आहे.

आज जाहिरातीच्या दुकानात जात विचारत नाहीत, पैसे विचारतात. 2000 साली गुगलने शोधातल्या जाहिरातींची योजना सुरू केली, तिचेच आजचे नाव 'गुगल अ‍ॅड्स'. तिथे प्रत्येक शोधाच्या वेळी क्षणार्धात लिलाव होतो. तुम्ही एका शब्दासाठी किती बोली लावता आणि तुमची जाहिरात व तुमचे पान त्या शोधाला कितपत लागू पडते, या दोन्हींवर तुमची जागा ठरते. कुणी जाहिरातीवर बोट ठेवले तरच पैसे जातात. वर 'प्रायोजित' असा शिक्का असतो. आणि जाहिरात दिल्यामुळे खालच्या फुकट निकालांतला तुमचा क्रम वर सरकत नाही, हे गुगल स्वतःच सांगते. म्हणजे जाहिरात ही भाड्याची खोली आहे. भाडे थकले की सामान रस्त्यावर. आमचे नेमके तेच झाले.

मग जाहिरात वाईटच का? नाही. बाबासाहेबांना 'केसरी'त जाहिरात कशासाठी हवी होती? पत्र निघाले आहे, हे लोकांना कळावे म्हणून. जाहिरातीचे काम तेवढेच असते: एखादी गोष्ट आहे, अमुक तारखेला आहे, हे कळवणे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली आहे, वसतिगृहाचे प्रवेश सुरू आहेत, अभ्यासिकेत व्याख्यान आहे, पुस्तक आले आहे, अशा वेळी चार दिवस, आपल्या शहरापुरती, थोडक्या पैशात जाहिरात द्यावी. तिथे तो पैसा कामी येतो. पण इतिहास जाहिरातीवर उभा करता येत नाही. ज्या पानाचे वाचक वर्गणी आटल्यावर नाहीसे होतात, त्या पानाने पुढच्या पिढीला काय सांगायचे?

'मूकनायक'ला शाहू महाराजांनी 2500 रुपयांची मदत केली. तो पैसा पत्र काढण्यासाठी होता. 'केसरी'ने दार बंद केले म्हणून बाबासाहेब दाराशी ताटकळत बसले नाहीत. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी आपली दारे त्यांनी स्वतः बांधली. आपल्याकडे पैसा थोडा आहे. तो दार बांधायला लावायचा की दुसऱ्याच्या दारावर फलक टांगायला, हे आपण ठरवले पाहिजे.

नोंदणीकृत संस्थांसाठी आणखी एक गोष्ट. नफा न कमावणाऱ्या संस्थांना गुगल महिन्याला 10,000 डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मोफत देते. 'अ‍ॅड ग्रँट्स' असे त्या योजनेचे नाव. अटी आहेत: संस्थेची कागदपत्रे तपासली जातात, फक्त मजकुराच्या जाहिराती चालतात, आणि जाहिरात दिसल्यावर किमान 5 टक्के लोकांनी तिच्यावर बोट ठेवले पाहिजे. आपल्या कितीतरी ट्रस्टना आणि शिक्षणसंस्थांच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांना याची माहितीच नसते. ज्यांची कागदपत्रे नीट आहेत त्यांनी अर्ज करून पाहावा. वर्गणी तरी वाचेल.

विकत घेतलेली लिंक म्हणजे विकत घेतलेले मत

जाहिरातीला निदान 'प्रायोजित' असा शिक्का असतो. लिंक विकत घेण्यात तेवढाही प्रामाणिकपणा नाही. पैसे देऊन मिळवलेले मत खरे मत म्हणून पेटीत टाकायचे, असा तो धंदा आहे.

क्रम वाढवण्यासाठी लिंक विकणे आणि विकत घेणे गुगलच्या नियमांत बसत नाही. पैसे देऊन लिंक घेतलीच असेल, तर तिच्यावर तशी खूण करावी, म्हणजे ती मतमोजणीत धरली जाणार नाही, असा नियम आहे. 2005 पासून 'नोफॉलो' ही खूण आहे, 2019 पासून खास 'स्पॉन्सर्ड' अशीही खूण आली. 2011 साली अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बड्या दुकानदार कंपनीसाठी हजारो असंबद्ध साईटवर लिंका पेरल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणले, आणि गुगलने त्या कंपनीची पाने खाली ढकलली. 2012 च्या एप्रिलमध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल केला, तोच मुळी अशा बनावट लिंका हेरण्यासाठी. आता यंत्र बहुतेक वेळा त्या लिंका मोजतच नाही. म्हणजे आमच्यासारख्यांचे पैसे बुडतात, आणि नशीब खोटे असेल तर पानही खाली जाते.

पण आम्हाला नियमांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचली. निवडणूक आली की आपण वस्तीत फिरून सांगतो, "नोट आणि बाटली घेऊन मत विकू नका, बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क आहे." आणि तेच आपण, बाबासाहेबांच्या नावाचे पान वर यावे म्हणून, मते विकत घ्यायला निघालो होतो! बाबासाहेबांच्या विचाराला विकतच्या मताची गरज पडावी, इतका तो दुबळा आहे का?

आमचे खरे मत कुठे वाया जाते?

मते विकत घेण्याआधी, आपली स्वतःची मते कुठे जातात ते पाहू.

चळवळीत लिहिणारे कमी नाहीत. दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जेवढी पुस्तके विकली जातात, तेवढी दुसऱ्या कुठल्या समाजाच्या मेळ्यात विकली जात असतील का, याची आम्हाला शंका आहे. पण जालावर आलो की आपले लेखन शोधयंत्राला दिसणार नाही अशाच रीतीने आपण टाकतो. चांगला लेख लिहितो आणि त्याचा फोटो करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपचा गट म्हणजे बंद खोली, शोधयंत्र तिथे डोकावत नाही. विशेषांक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवतो आणि त्याची पीडीएफ टाकतो. ती माणसाला वाचता येते, पण यंत्राला ती निरर्थक अक्षरांची खिचडी दिसते. जुन्या अंकांची छायाचित्रे चढवतो, त्यातला मजकूर टाईप करत नाही. तासाभराचे भाषण चित्रफितीत ठेवतो, खाली चार ओळींचा सारांशही लिहीत नाही.

आणखी दोन सवयी आहेत, त्या तर घातकच. एक, दुसऱ्याचा लेख आवडला की लिंक देण्याऐवजी लेखच उचलून आपल्या ब्लॉगवर चिकटवायचा, पुष्कळदा लेखकाचे नाव काढून. शोधयंत्र अशा सारख्या पानांतले एखादेच दाखवते आणि बाकीची बाजूला सारते. म्हणजे दहा जणांनी मिळून एका उमेदवाराला निवडून आणायचे, त्याऐवजी दहाही जण एकाच चेहऱ्याने उभे राहिले आणि मते फुटली. मतविभागणी म्हणजे काय हे आंबेडकरी माणसाला नव्याने शिकवायला नको! दुसरी सवय म्हणजे उत्साहात वेबसाईट काढायची आणि दुसऱ्या वर्षी नावाचे शुल्क भरायचे विसरायचे. वेबसाईट मेली की तिच्याकडे येणारी सगळी मते मातीत जातात. जाहिरातीवर उडवलेल्या पैशात आम्हाला आमच्या वेबसाईटचे नाव कित्येक वर्षांसाठी राखता आले असते. एका वेळी 10 वर्षांपर्यंत ते राखता येते.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. 1936 साली बाबासाहेबांनी स्वतः छापलेले 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे न झालेले भाषण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. फ्रान्सिस प्रिचेट या तिथल्या प्राध्यापक बाईंनी ते साध्या मजकुरात, प्रकरणे पाडून, टिपा देऊन ठेवले. पत्ता तोच राहिला. त्यामुळे जगभरातले विद्यार्थी, प्राध्यापक, पत्रकार त्या पानाला लिंक देत गेले. ही मते विकतची नव्हेत. पान उपयोगी आहे, टिकून आहे, म्हणून मिळालेली आहेत. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंडही जालावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. पण एखाद्या नेमक्या प्रश्नाचे मराठीतून उत्तर हवे असलेल्या पोरीला हजार पानांचा खंड कसा सापडणार? तो खंड आणि ती पोर यांच्यामधला पूल आपणच बांधायचा आहे.

दुहेरी मत पुन्हा वापरू या

आम्ही आता असे ठरवले आहे. 1932 साली हिरावलेले दुहेरी मत कायद्यात परत मिळालेले नाही. पण लिंकांच्या दुनियेत ते आपल्याला कुणी नाकारलेले नाही. आपणच ते वापरत नाही.

पहिले मत आपल्या मतदारसंघात. म्हणजे आपण आपल्या माणसांच्या पानांना लिंक द्यायची. लेख लिहिताना त्या विषयावर आधी कुणी आंबेडकरी लेखकाने चांगले लिहिले असेल, तर त्याचे नाव घ्यायचे आणि लिंक द्यायची. गटबाजी आड येऊ द्यायची नाही. कोण कुठल्या गटाचा हे पाहून लिंक द्यायची असेल तर मग आपण आपलेच मत बाद करतो. मात्र हेही लक्षात ठेवायचे, की 'तू मला दे, मी तुला देतो' असा ठरवून केलेला घाऊक सौदाही नियमात बसत नाही आणि नीतीतही नाही. वाचकाच्या उपयोगाची असेल तीच लिंक. आणि 'इथे क्लिक करा' असे न लिहिता 'पुणे करारातील 148 जागांची प्रांतवार विभागणी' असे लिहायचे, म्हणजे माणसालाही कळते आणि यंत्रालाही.

दुसरे मत सर्वसाधारण मतदारसंघात. केवळ आपल्या कोषात राहून भागत नाही. मराठी विकिपीडियावर पुणे कराराच्या, 'मूकनायक'च्या, बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या पानांवर संदर्भासहित मजकूर घाला. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या लिंकांना 2007 पासून 'नोफॉलो'ची खूण असते, त्यामुळे क्रमाच्या मतमोजणीत त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण वाचक तिथे येतात, आणि तिथे चूक राहिली तर ती शंभर ठिकाणी उतरवली जाते. आपल्या कॉलेजच्या प्राध्यापकांना, ग्रंथपालांना, पत्रकार मित्रांना आपले पान दाखवा. योग्य वाटले तर ते लिंक देतील. सवर्ण उमेदवारालाही आपल्या दारात यावे लागेल, हाच त्या दुसऱ्या मताचा अर्थ होता ना? पान इतके नेमके आणि पुराव्यानिशी लिहा, की त्या विषयावर लिहिणाऱ्या कुणालाही त्याचा हवाला दिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

नेमके म्हणजे कसे? एक पान, एक प्रश्न. 'दुहेरी मत म्हणजे काय?' हे एक पान. 'पुणे करारात कोणत्या प्रांताला किती जागा?' हे दुसरे. त्यात साधा तक्ता: मद्रास 30, बंगाल 30, मध्य प्रांत 20, संयुक्त प्रांत 20, बिहार व ओरिसा 18, सिंधसह मुंबई 15, पंजाब 8, आसाम 7, एकूण 148. 'जातीय निवाड्यात जागा किती होत्या?' हे तिसरे, कारण कुठे 71 लिहिलेले आढळते तर कुठे 78. आपण मूळ कागद काढून हा फरक समजावून सांगितला, तर क्लासवाल्यांनाही आपलेच पान उघडावे लागेल. लोक शोधताना येरवडा लिहितात आणि येरवाडाही, पुणे करार लिहितात आणि पूना पॅक्टही, तर मजकुरात दोन्ही शब्द सहज येऊ द्या. पण तोच शब्द पन्नास वेळा कोंबू नका, तीही लबाडीच, आणि यंत्र ती ओळखते. सगळे युनिकोडमध्ये. फोटो असेल तर त्याखाली मजकूर. आणि लोक काय शोधून आपल्यापर्यंत आले हे दाखवणारे 'सर्च कन्सोल' नावाचे साधन फुकट आहे, ते महिन्यातून एकदा उघडून पाहा.

हे सगळे तांत्रिक वाटते? आमच्या येरवड्यात सम्राट अशोक पथावर मोठे आयटी पार्क आहे. काचेच्या त्या इमारतींत आपल्या वस्त्यांमधली पोरेपोरीही कामाला जातात, कुणी संगणकावर, कुणी सुरक्षारक्षक म्हणून, कुणी साफसफाईला. संगणकावर बसणाऱ्यांनी आठवड्यातला एक तास चळवळीला दिला तर जाहिरातीच्या पैशांची गरजच पडणार नाही. आणि जे लिहू शकत नाहीत त्यांच्याकडे आठवणी आहेत. लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगर, नागपूर चाळ इथल्या म्हाताऱ्या आयाबायांनी पाहिलेली चळवळ कुठल्याच क्लासवाल्याच्या पानावर नाही. ती फक्त आपणच लिहू शकतो, आणि जे फक्त आपल्याकडे आहे त्याला स्पर्धक नसतो.

आम्ही सुरुवात केली आहे. विकतच्या लिंका नाकारत असल्याचे शोधयंत्राला कळवले. तो मजकूर नसलेला बॅनरांचा पसारा काढून टाकला. त्या मुलीलाच आम्ही पहिले पान लिहायला दिले. शीर्षक तिच्याच प्रश्नाचे: 'दुहेरी मत म्हणजे काय?' ते अजून पहिल्या नंबरावर नाही. पण एका कॉलेजच्या शिक्षकाने ते आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनयादीत जोडले आहे. एक मत. न मागता, न विकत घेता मिळालेले.

येत्या 24 सप्टेंबरला बॅनर पाठवू नका, असे आम्ही म्हणत नाही. पण बॅनरसोबत एक पान लिहा. लिहिणे जमत नसेल तर तीन चांगली पाने वाचा आणि त्यांना लिंक द्या. येरवड्याच्या कारागृहात आपले एक मत गेले. आज आपल्या हातात आहे ते तरी फोटोंच्या पावसात वाहून जाऊ देऊ नका.

जय भीम!